पिठाचं पाणी आणि बोलणारी तलवार

कुल्लेर्वो लोहाराकडे गुरं राखतो. राखतो म्हणजे काय, लोहाराने त्याला चक्क विकत घेतलाय, जुन्या फुटक्या कढया आणि झिजलेले विळे मोजून. हा जन्मायच्या आधीच सख्ख्या काकाने घरादाराची कत्तल केली. पोटुशी बाई तेवढी गुलाम म्हणून नेली, तिच्या पोटचा हा. एक दिवस लोहाराची बायको त्याला गुरं घेऊन रानात पाठवते आणि शिदोरीला पाव देते. पावाच्या पोटात तिने मुद्दाम दगड घालून भाजलेला असतो. भुकेच्या वेळी कुल्लेर्वो सुरी काढतो, पाव कापायला जातो आणि पातं दगडाला लागून मोडतं. बापाची म्हणून त्याच्याकडे काय होतं, तर ती एक सुरी.

पुढे तो सगळी गुरं दलदलीकडे हाकलून देतो, रानातले लांडगे नि अस्वलं गोळा करतो, मंत्राने त्यांना गाईगुरांचं रूप देतो आणि संध्याकाळी शिंग फुंकत तो कळप घरी आणतो. मालकिणीला काही कळत नाही. ती दूध काढायला वाकते.

फिनलंडच्या एलियास ल्यॉनरोट नावाच्या डॉक्टरने गावोगाव फिरून लोकांच्या तोंडची गाणी जमवली आणि त्यांतून ‘कालेवाला’ हे काव्य रचलं. १८४९ सालच्या त्याच्या वाढीव आवृत्तीत कुल्लेर्वोची ही कथा सविस्तर येते. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाला टोल्किन विद्यार्थी असताना, १९१४च्या सुमाराला, तिने इतका झपाटला की ती स्वतःच्या शब्दांत लिहायला बसला. पुढे त्याच्या कथांमधला टूरिन हा नायक त्यातूनच उभा राहिला. माझ्या लेखी डार्क फँटसीची, म्हणजे जादू आणि क्रौर्य एकत्र नांदणाऱ्या कथांची, सगळी बाराखडी त्या पावाच्या प्रसंगात आहे. कोणाचंही साम्राज्य बुडालेलं नाही, भविष्यवाणी नाही, निवडलेला वारस नाही. एका बाईने गंमत म्हणून किंवा खुनशीपणाने पावात दगड घातला, आणि ज्याच्याकडे गमावण्यासारखी एकच वस्तू होती त्याची नेमकी तीच मोडली.

हा नाद मला फार वर्षांपासून आहे. पहिल्या पानावर नकाशा, नकाशात जीभ अडखळेल अशी गावं, आणि तिसऱ्या प्रकरणापर्यंत कोणाचं तरी घर जळलेलं, अशी कादंबरी दिसली की मी ती सोडत नाही. पूर्वी फाउंटनच्या फुटपाथवर मधला खंड मिळायचा आणि पहिला-तिसरा शोधण्यात चपला झिजायच्या. आता सगळे खंड फोनमध्ये मावतात आणि ठाण्याहून येताजाता लोकलमध्ये वाचून होतात. चौथी सीट मिळाली तरी चालते, कारण अर्ध्या बुडावर बसून माणूस जागा राहतो.

आमच्या शाखेतली कॅशियर एकदा डबा खाताना माझ्या फोनमध्ये डोकावली. नेमकं पान असं होतं की कोणाची तरी जीभ कापली जात होती. तिने पोळीचा घास खाली ठेवला आणि विचारलं, “मॅडम, खरं सांगा, तुमचा एवढा राग कोणावर आहे?”

प्रश्न रास्त होता. मी तशी भांडखोर नाही. आणि बँकेत सूड म्हणजे असून असून काय असणार? नावडत्या साहेबांचं प्रवासबिल ट्रेमध्ये सगळ्यात खाली जातं. त्यांच्या चहात साखर कमी पडते. घरगुती सूडही त्याच मापाचे. पंगतीत विहिणीचं पान उशिरा मांडलं गेलं, म्हणून दुसऱ्या पिढीतही बारशाचं आमंत्रण तोंडदेखलं येतं. आणि ज्यांच्यावर खरोखर मोठा अन्याय झाला त्यांचं तर विचारूच नका. आजोबांनी लावलेला जमिनीचा दावा नातू चालवतो, तोवर ज्याने बांध कोरला तो कधीच वारलेला असतो. ज्याच्यावर दात ठेवायचा तोच जागेवर नाही. मग त्याच्या नातवाकडे बघून दात-ओठ खायचे, तर तो बिचारा पुण्यात नोकरी करतो आणि त्याला गट नंबरसुद्धा माहीत नाही.

खऱ्या जगात सूड एक तर फुटकळ असतो किंवा उशिरा पोचतो. कादंबरीत तो वेळेवर पोचतो. एवढंच असतं तर मी चार-दोन पुस्तकांत कंटाळले असते. हिंदी सिनेमाने हे काम अख्खं एक दशक चोख केलं, गाणी घालून.

मला धरून ठेवलं ते जादूने, आणि जादू सुडाचं जे करते त्याने. सूड हे मुळात दुबळ्याचं काम. राजाला सूड घ्यावा लागत नाही, तो नुसती शिक्षा सुनावतो. म्हणून सुडाच्या गोष्टीत आपण डोळे झाकून त्या लुळ्यापांगळ्या, घर जळालेल्या, सुरी मोडलेल्या माणसाच्या बाजूने उभे राहतो. मग त्याला जादू मिळते. मंत्र, तलवार, देव, काहीही. त्या क्षणी तो दुबळा राहत नाही, आणि ज्या कारणासाठी आपण त्याच्या बाजूने होतो तेच कारण संपतं. गंमत अशी की आपण तिथून हलत नाही. पुढची तीनशे पानं आपण त्याच्याच खांद्यावर बसून जातो. चांगला लेखक हे जाणून असतो आणि कुठल्या पानावर आपण उतरायला हवं होतं ते सांगत नाही. ते पान शोधायचा मला छंद आहे.

मायकल मूरकॉकने ही गोम १९६१ सालीच अचूक पकडली होती. ‘सायन्स फँटसी’ या ब्रिटिश मासिकात त्या वर्षी त्याच्या एल्रिकची पहिली कथा आली. तोवरचे तलवारबहाद्दर दंडाच्या बेटकुळ्या दाखवत फिरत. एल्रिक हा पांढराफटक, अशक्त, काढ्यांवर जगणारा राजा. त्याला उभं राहायला ताकद देते त्याची काळी तलवार, स्टॉर्मब्रिंगर, आणि ती ताकद येते मारलेल्यांचे आत्मे पिऊन. गादी बळकावणाऱ्या चुलतभावाचा काटा काढायला तो समुद्री लुटारूंना घेऊन स्वतःच्याच राजधानीवर चाल करून जातो. भाऊ मरतो, नगरी जळते, आणि जिच्यासाठी तो परतला ती सायमोरिल त्याच तलवारीवर जाते. आज वाचताना भाषा जरा रंगवलेली वाटते, पण कथेचं यंत्र अजून कुरकुरत नाही. अशक्त माणूस, त्याला पोसणारं हत्यार, आणि हत्याराची स्वतःची भूक.

या प्रकारात रद्दी भरपूर आहे, हेही सांगून टाकते. १९८७ साली आलेल्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळाच्या बोधवाक्यातून पुढे ‘ग्रिमडार्क’ हे नाव रूढ झालं, आणि नाव मिळाल्यावर त्याचा साचाही बनला. सतत पाऊस, सतत चिखल, सगळे शिव्या देतात, कोणीही आंघोळ करत नाही. त्याहून चीड येते ती दुसऱ्या एका सोयीची. बाराव्या पानावर नायकाच्या बायकोवर अत्याचार होतो, चौदाव्यावर ती मरते, आणि पुढची सहाशे पानं नायक तिच्या नावाने तलवार फिरवायला मोकळा. तिचं नाव बहुतेक वेळा लेखकालाही आठवत नसावं. असं पुस्तक मी चौदाव्या पानावर बंद करते. भाजीवालीशी घासाघीस करायला तेवढा वेळ मिळतो.

जो अ‍ॅबरक्रॉम्बीची ‘बेस्ट सर्व्ह्ड कोल्ड’ (२००९) मात्र मी पुन्हा पुन्हा काढते. तिच्यात जादू चिमूटभर आहे. मॉन्झा मुरकॅटो ही भाडोत्री सैन्याची सेनापती. तिचा धनीच तिला घात करून कड्यावरून खाली फेकून देतो, भावाला तिच्यादेखत मारतो. ती वाचते, हात चेचलेला, हाडं वेडीवाकडी जुळलेली, आणि त्या दालनात हजर असलेल्या सातजणांना मारायची शपथ घेते. सातांपैकी एक सावकारी पेढीचा माणूस. त्याला मारायला ती विषप्रयोग करणारा नेमते, आणि तो पेढीतल्या हिशेबाच्या वह्यांना विष लावतो. वह्या काय एकटा साहेब उलटतो? पेढीतले कितीतरी कारकून त्या दिवशी टेबलावर माना टाकतात. वाचताना माझ्या बोटांना काहीतरी झालं. पूर्वी लेजर उलटताना आम्ही सगळ्याच बोटाला थुंकी लावायचो. मॉन्झाच्या यादीत नाव एकाचंच होतं, आणि खाली माना टाकलेल्यांची नावं कादंबरीत कोणी विचारतसुद्धा नाही. मी मॉन्झाच्या खांद्यावरून उतरायचं पान बहुधा तेच. पण तिचा साथीदार शिव्हर्स, उत्तरेकडून चांगला माणूस व्हायचं ठरवून आलेला, त्याचं काय होतंय ते बघायचं होतं, म्हणून थांबले. त्याचं जे होतं ते इथे सांगत नाही. ज्यांना वाचायचं आहे त्यांनी जेवणाच्या वेळेला वाचू नये इतकंच.

जॉर्ज मार्टिनच्या ज्या कादंबरीमालिकेवरून टीव्हीवर ‘गेम ऑफ थ्रोन्स’ आलं, तिच्यातल्या लग्नातल्या कत्तलीबद्दल ज्यांनी पुस्तक हातात धरलं नाही त्यांनाही माहिती असते, टीव्हीच्या कृपेने. टीव्हीने वगळलेला भाग मला जास्त मोलाचा वाटतो. २००० साली आलेल्या तिसऱ्या खंडाचा उपसंहार मेरेट फ्रे नावाच्या एका फालतू माणसाच्या नजरेतून सांगितलेला आहे. हा यजमानांच्या घरचा, डोकेदुखीने हैराण, कर्तृत्व शून्य. कत्तलीच्या रात्री त्याच्यावर सोपवलेली कामगिरी एवढीच, की पाहुण्यांपैकी एका धिप्पाड सरदाराला दारू पाजून लोळवायचं. तेही त्याला धड जमलं नाही. आता तो ओलीस ठेवलेल्या नातलगाला सोडवायला सोनं घेऊन रानात येतो, तर नातलग आधीच फासावर लटकलेला. हा गयावया करतो. मग एक टोपडं घातलेली बाई पुढे येते. तिचा गळा चिरलेला आहे, चेहऱ्यावर स्वतःच्याच नखांचे ओरखडे. ती कॅटलिन. त्या रात्री मुलाच्या पाठोपाठ मारून नदीत फेकलेली, जादूने परत आणलेली. ती बोलू शकत नाही. याने त्या कटात भाग घेतला होता का, असं विचारल्यावर ती फक्त मान हलवते.

वाचकाला काय हवं होतं? कॅटलिनच्या मारेकऱ्यांना शासन. ते मिळतंय, तिच्याच हातून मिळतंय. पण ते आपल्याला बघायला लावलंय फासाच्या दोरीकडून, एका दारुड्याच्या डोकेदुखीतून. पुढच्या खंडात, २००५ साली, तीच कॅटलिन ब्रिएनला फासावर चढवायला निघते. ब्रिएन म्हणजे तिच्याशी इमान राखण्यासाठी अख्खा मुलूख पालथा घालणारी. जादूने बाई परत आणली खरी, पण आली ती फक्त तिची डूख. आईपण, शहाणपण, ब्रिएनला ओळखायची नजर, सगळं नदीत राहिलं. (पाचवा खंड २०११ साली आला. सहाव्याची वाट बघणाऱ्यांत माझ्याएवढे सोशिक लोक कमी असतील, पण माझाही सूड घ्यायचा विचार आहे.)

क्वांगच्या ‘द पॉपी वॉर’ने (२०१८) मला जितकं दमवलं तितकं कोणी नाही. आर. एफ. क्वांग ही चिनी वंशाची अमेरिकन लेखिका, आणि पुस्तक आलं तेव्हा वयाच्या विशीतच. रिन ही अनाथ पोर. अफूचा चोरटा धंदा करणाऱ्या घरात वाढलेली, नको त्या म्हाताऱ्याशी लग्न टाळायला रात्री जागून अभ्यास करून देशातल्या सर्वांत कठीण परीक्षेत झळकणारी. इथपर्यंत ती आपल्याकडच्या एमपीएससीच्या अभ्यासिकेतली वाटावी. लष्करी विद्यापीठात श्रीमंतांची पोरं तिच्या रंगावरून, बोलीवरून हिणवतात. एक चक्रम गुरू तिला देवांपर्यंत पोचायची विद्या शिकवतो आणि जन्मभर सांगत राहतो की ती वापरू नकोस. मग युद्ध येतं, आणि गोलिन निस नावाच्या शहरात शत्रूने काय केलं ते रिनला दिसतं. क्वांगने ते शहर रचलं १९३७ साली जपानी सैन्याने चीनच्या नानजिंगमध्ये केलेल्या कत्तलीवरून, आणि अतिशयोक्ती करायची तिला गरजही पडली नाही. ते प्रकरण मी लोकलमध्ये वाचायला घेतलं आणि बंद केलं. घरी येऊन स्वयंपाक उरकून दिवा लावून वाचलं. असलं काही गर्दीत वाचू नये, शेजारच्या बाईच्या कोथिंबिरीच्या पिशवीकडे बघवत नाही.

शेवटी रिन अग्निदेवतेला, फीनिक्सला, हाक घालते आणि ती देवता विचारते तुला काय हवं. शत्रूचं अख्खं बेट, त्यावरच्या माणसांसकट, जळून जातं. सैन्य नव्हे. बेट. आपण चारशे पानं जिच्यासाठी टाळ्या वाजवल्या ती मुलगी. आणि तिच्यासमोर उभा राहतो तिचा मित्र किताय. तो गोलिन निसमधून जिवंत सुटलेला आहे, त्याने सगळं डोळ्यांनी बघितलंय, सुडाचा हक्क कोणाला असेल तर त्याला. तोच तिला विचारतो की तू हे काय केलंस, तिथली साधी माणसं, लेकरं. तिच्याकडे उत्तर म्हणून जे शब्द आहेत ते शत्रूने गोलिन निसबद्दल वापरले असते तरी शोभले असते.

माझ्या आईला हे सगळं मुळीच पसंत नाही. “शी, कसलं गं रक्तबंबाळ वाचतेस! झोप तरी लागते का?” हे ती श्रावणात म्हणते, समोर चौरंगावर श्रीधराचा पांडवप्रताप उघडा असतो आणि त्या अध्यायात भीम दुःशासनाची छाती फोडून रक्त पीत असतो. मी बोट दाखवलं तर म्हणते, “ते वेगळं. ती पोथी आहे.” पोथीपुढे माझं काय चालणार! पण या नादाने एक झालं. मी महाभारताकडे डार्क फँटसीच्या वाचकाच्या नजरेने परत गेले आणि थेट दहाव्या पर्वात जाऊन अडकले. सौप्तिक पर्व. लहानपणी कोणी ते आम्हाला नीट सांगितलंच नव्हतं. युद्ध संपलं, दुर्योधनाची मांडी फुटली, पांडव जिंकले, चला झोपा, एवढंच.

युद्ध संपल्याच्या रात्री कौरवांकडचे तिघे उरलेत: अश्वत्थामा, त्याचा मामा कृपाचार्य आणि कृतवर्मा. रानात एका वडाखाली ते पडतात. दोघं झोपतात. अश्वत्थामा जागा. वडावर हजारो कावळे झोपलेत. एक भलंमोठं घुबड आवाज न करता येतं आणि झोपलेल्या कावळ्यांच्या माना, पंख, पाय तोडत सुटतं. झाडाखाली नुसता खच. अश्वत्थामा म्हणतो, मला गुरू भेटला. कृप त्याला समजावतो, की आज रात्र झोप, उद्या सकाळी लढू. यावर त्याचं उत्तर ऐकण्यासारखं आहे: दुखणाईताला झोप कुठली, संतापलेल्याला कुठली, अर्थाच्या विवंचनेत असलेल्याला कुठली, वासनेने घेरलेल्याला कुठली? आणि मामा, आज माझ्यात हे चारही आहेत.

तो छावणीच्या दारात पोचतो तर तिथे एक अक्राळविक्राळ भूत उभं, व्याघ्रचर्म नेसलेलं, अंगावर साप. अश्वत्थामा हातातलं एकेक अस्त्र टाकतो आणि ते सगळं गिळतं. शस्त्रं संपतात. मग तो शिवाची स्तुती करतो, समोर सोन्याची वेदी प्रकटते, तिच्यावर अग्नी पेटतो, आणि दुसरं काही द्यायला उरलं नाही म्हणून हा स्वतःच त्या अग्नीत चढून बसतो. शिव प्रसन्न होतो, त्याला खड्ग देतो आणि त्याच्या देहात शिरतो. इतक्या नेमकेपणाने जादूचा व्यवहार मांडणारं पान मी कुठल्या इंग्रजी खंडात वाचलेलं नाही. सगळी हत्यारं देऊन झाल्यावर, अंग देऊन झाल्यावर, मग तलवार.

पुढचं वाचवत नाही. धृष्टद्युम्न गादीवर झोपलाय. हा त्याला केसांना धरून खाली ओढतो आणि लाथांनी तुडवतो. तो कळवळून म्हणतो, निदान शस्त्राने मार, म्हणजे वीराच्या लोकाला तरी जाईन. हा म्हणतो, गुरूला मारणाऱ्यांना लोक नसतात. आणि पायांनीच मारतो. द्रौपदीची पाचही पोरं जातात. शिखंडी जातो. पळणारे दाराशी येतात तर तिथे कृप आणि कृतवर्मा उभे. मघाशी झोप म्हणणारा मामा दारात तलवार घेऊन उभा आहे, आणि तोच छावणीला आगही लावतो आहे, हे व्यासाने दोन ओळींत उरकलंय. मी तिथे बराच वेळ थांबले. मरणाऱ्यांना शेवटच्या घटकेला एक काळी, तांबड्या तोंडाची बाई दिसते, पाशात माणसं बांधून ओढत नेणारी. आणि त्यांना आठवतं की युद्ध सुरू झाल्यापासून रोज रात्री हीच बाई स्वप्नात दिसत होती.

हा माणूस राक्षस म्हणून जन्मला असता तर सोपं होतं. पण आदिपर्वात याचंच एक लहानपण आहे. बाकीची पोरं दूध पितात म्हणून याने दूध मागितलं. घरात गाय नाही. पोरांनी पाण्यात पीठ कालवून याला दिलं. हा ते पिऊन नाचायला लागला, मी दूध प्यालो, मी दूध प्यालो. बाकीची हसली. द्रोणाने ते पाहिलं. तिथून तो द्रुपदाकडे गेला, शाळूसोबती म्हणून. द्रुपद म्हणाला, मैत्री बरोबरीच्यांत असते. द्रोणाने शिष्यांकरवी द्रुपदाला बांधून आणवलं आणि अर्धं राज्य घेतलं. द्रुपदाने यज्ञ केला, आगीतून धृष्टद्युम्न काढला, खास द्रोणाला मारण्यासाठी जन्माला घातलेला मुलगा. तोच मुलगा धनुर्विद्या शिकायला द्रोणाकडेच आला आणि द्रोणाने त्याला शिकवलीही. शस्त्र खाली ठेवून बसलेल्या द्रोणाचं डोकं त्याने कापलं. आणि ती दूध प्यायल्याची गोष्ट ज्याची, तो वडाखाली जागा राहिला.

इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) द्रोण-अश्वत्थाम्यावरच्या प्रकरणाला ‘परधर्मो भयावहः’ असं नाव दिलं. ब्राह्मणाने क्षत्रियाचा मार्ग धरला, असा त्यांचा रोख. बाईंच्या शिस्तीपुढे मी काय बोलणार, पण मला वाटतं त्या जरा वरच्या मजल्यावरून बघतात. मला खालची पोरं दिसतात, हसणारी. कर्णावर झालेल्या अन्यायासाठी मराठी वाचक पिढ्यान्‌पिढ्या रडला. तीच सहानुभूती अश्वत्थाम्याच्या वाट्याला आली नाही, कारण त्याने सूड खरोखर घेतला. आपल्याला सोसणारा आवडतो.

शेवट सगळ्यांना माहीत आहे. गवताच्या काडीवर मंत्र टाकून केलेलं अस्त्र, अर्जुन आपलं परत घेतो, याला घेता येत नाही, आणि हा ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. मस्तकावरचा मणी जातो. तीन हजार वर्षं एकटा, रक्ता-पुवाच्या वासाचा, हिंड. मूळ ग्रंथ इथे थांबतो, लोक मात्र थांबले नाहीत. नर्मदेच्या परिक्रमेत तो भेटल्याचं सांगणारे आहेत. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात अस्तंब्याच्या डोंगरावर धनत्रयोदशीच्या सुमाराला त्याच्या नावाने यात्रा भरते, लोक रात्रीचा अवघड चढ चढतात. आमच्या घरी नरकचतुर्दशीला अंगाला तेल लावण्याआधी आई बोटाने जमिनीवर तीन थेंब उडवते, त्याच्या जखमेसाठी. रक्तबंबाळ वाचू नको म्हणणारी हीच आई. झोपलेल्या पाच पोरांना मारणाऱ्याला तेल कशाला, असं मी एकदा विचारलं. “दुखतं ना त्याला,” ती म्हणाली आणि उटणं कालवायला लागली.

एवढ्यावरही हा हिशेब मिटत नाही. गर्भात मारलेला आणि कृष्णाने जिवंत केलेला परीक्षित मोठा होतो, आणि त्याला तक्षक डसतो. त्याच्या पोराला, जनमेजयाला, हे आठवून देतो उत्तंक नावाचा एक ऋषी. उत्तंकाचा तक्षकावर स्वतःचा डूख आहे: गुरुपत्नीसाठी आणलेली कुंडलं तक्षकाने पळवली होती. आपलं उट्टं काढायला तो दुसऱ्याच्या बापाचं मरण वापरतो. असं पात्र कादंबरीकाराला आयतं मिळालं तर तो दिवाळी साजरी करेल. जनमेजय सर्पसत्र मांडतो. मंत्र म्हटले जातात आणि जगातले साप आपोआप येऊन आगीत पडायला लागतात. डसलेला एक, जळणारी अख्खी जात. रिनचं बेट इथे आधीच जळून गेलंय. आणि यज्ञाच्या कर्मांमध्ये जी मधली सुट्टी मिळते, त्या वेळात वैशंपायन जनमेजयाला महाभारत सांगतो. घुबड, वड, पिठाचं पाणी, सगळं त्या राजाला ऐकवलं जातंय, आणि बाजूला साप जळताहेत.

ते थांबवतो आस्तिक नावाचा एक कोवळा पोरगा. त्याचा बाप ब्राह्मण, आई नागकन्या, वासुकीची बहीण जरत्कारू. तिचं लग्नच या एका कामासाठी लावलं होतं, की पुढे सर्पसत्र होणार, ते थांबवणारा मुलगा तिच्या पोटी यावा. नवरा तर गर्भ राहिल्यावर निघूनही गेला. ही बाई मला कधीपासून खुणावते आहे. लग्नाच्या दिवसापासून तिला ठाऊक आहे की आपल्या माहेरची माणसं जळायची आहेत, आणि पोर वेळेत मोठं व्हायला हवं. तिला जादू येत नाही, तलवार नाही, सुडाचीही सोय नाही.

तिच्या तोंडून ही सगळी कथा कोणीतरी मराठीत लिहावी. आठशे पानं चालतील, तीन खंड झाले तरी मी वाट बघेन, सवय आहे. पहिल्या पानावर नकाशा मात्र पाहिजे, आणि त्यात तक्षकाचं खांडववन कृष्णार्जुनांनी जाळायच्या आधीचं दाखवलेलं पाहिजे, झाडांसकट.